कावळ्याला दिलेला शब्द

बारामती, १४ जून २०२५

चि. रणजित,

आशीर्वाद शेवटी लिहीन, पत्र संपेपर्यंत शिल्लक राहिला तर.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. हुशार आहेस. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, आणि तुझ्या वस्तीवर टपाल आलं की रामहरी आबा काठी टेकत दारापर्यंत येतात हे मला ठाऊक आहे. त्यांना वाचता येत नाही, ते पोस्टमनलाच मोठ्यानं वाचायला लावतील. तेव्हा हे पाकीट वडिलांच्या आधी तुझ्या हाती लागलं असेल, तर नशीब समज.

माझी उभी नोकरी तुमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. आधी तू माझ्या वर्गात होतास, मग तुझ्या दोन्ही मुली. निवृत्त होऊन मी बारामतीत राहायला आले तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, सुटलो. नाही सुटलात.

परवा निकिताचा फोन आला, तिच्या आईच्या, रेश्माच्या मोबाईलवरून. गोठ्यातून बोलत होती, मागं म्हशी ऐकू येत होत्या. म्हणाली, "बाई, नर्सिंगच्या सीईटीत माझा नंबर लागतोय. पुण्यात मिळंल. पण पप्पा फॉर्म भरू देईनात. आबा म्हंत्यात, ताईचं वर्ष व्हायच्या आत माझं लग्न उरकायचं. तुमी कायतरी सांगा की त्यांना. त्यांनी ताईला शब्द दिलाय न्हवं?"

घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत मला नवी नाही. माझ्या मावशीला अशीच घाईघाईत उजवली होती. पण इथं गेलेलं माणूस म्हणजे तुझी वीस वर्षांची मुलगी, आणि तिच्या मरणाचा मुहूर्त तू धाकटीच्या लग्नाला धरतोस. हे करताना तुला काहीच कसं वाटत नाही?

आता शब्दाचं बोलू. तू विसरला असशील म्हणून सगळं लिहिते.

जानेवारीत नीरेच्या घाटावर प्रगतीचा दहावा होता. मी मागं बायकांत बसले होते. पिंड मांडून झाले आणि कावळा येईना. समोरच्या बाभळीवर तिघं-चौघं बसलेले, पण एकही उतरायला तयार नाही. महाराजांचं प्रवचन झालं. मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकेकजण माईक धरून "कुमारी प्रगती ही अतिशय हुशार आणि मनमिळाऊ" म्हणत होता. त्यातल्या निम्म्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आणि मनमिळाऊ तर ती अजिबात नव्हती. वर्गातली निम्मी पोरं तिच्या जिभेला भ्यायची.

ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या, पोरीचा जीव कशाततरी अडकलाय. आबांनी हात जोडले, "पोरी, तुझ्या नावानं मंदिराला पायरी बसवतो, ये." कावळा आला नाही. तुझा भाऊ सुयोग तुमच्या ड्रायव्हरचं नाव घेऊन म्हणाला, "झुंबरला जल्मात परत टॅक्टरवर बसू देणार न्हाय." तरी आला नाही. मग तू उठलास. माईकवाल्याला गप्प केलंस, माईक बाजूला सारलास आणि पिंडापुढं गुडघ्यावर बसलास. म्हणालास, "पगे, निकीला शिकवतो. तू म्हणत हुतीस तशी तिला पायावर उभी करतो. तवर लग्नाचं नाव काढणार न्हाय. आता तरी शिव गं बाय."

आणि कावळा उतरला. अख्ख्या घाटानं पाहिलं. तू तिथंच आडवा पडून रडलास, रेश्मानं तुला उठवलं.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. तुझा आहे. मग कावळ्यापुढं दिलेला शब्द पाळ, एवढंच माझं म्हणणं आहे.

आशीर्वाद उरला नाही.

म्हाळसा जगदाळे (बाई)


बारामती, २० जुलै २०२५

रणजित,

उत्तराऐवजी डाळिंबाची पेटी आली. दाणा भरलेला आहे, गोडीही चांगली आहे. मी सगळी एकटीनं खाल्ली, शेजारी वाटली नाहीत. लाच वाटून खायची नसते. पण हे तुझं उत्तर म्हणून मी धरणार नाही.

निकिताचा फॉर्म आम्ही भरला. ती कॉलेजातून दाखला आणायच्या निमित्तानं बारामतीला आली आणि माझ्या घरी बसून भरून गेली. तुला हे मी स्वतः कळवते आहे, म्हणजे चहाडी करायचं पुण्य दुसऱ्या कुणाला मिळू नये. रागवायचं तर माझ्यावर रागव. ॲडमिशनच्या फेऱ्या दिवाळीपर्यंत चालतात. नंबर लागला की तू तिला पुण्याला नेऊन सोडायचंस.

तिला मी एक गोष्ट तोंडावर सांगितली, तुलाही सांगते. निकिता म्हणजे प्रगती नाही. प्रगतीसारखं डोकं माझ्या हाताखालून परत गेलं नाही. आठवीत असताना तिनं खाटकाकडून बोकडाचं काळीज आणलं होतं, आठवतं? तुम्ही माळकरी, घरी आणलं असतं तर आबांनी घर धुऊन काढलं असतं, म्हणून ते डब्यात घालून शाळेत आणलं. व्हरांड्यात बसून ब्लेडनं उघडलं आणि पपईच्या देठाची नळी लावून आत पाणी सोडलं. झडपा उघडतात कशा आणि मिटतात कशा ते तिला बघायचं होतं. पाणी उलटं जाईना तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की हेडमास्तर बाहेर आले. मला म्हणाली, "बाई, एकदा गेलेलं परत येऊच देत न्हाय की हे." मी तिला हात धुवायला पाठवलं आणि नंतर एकटीच बराच वेळ ते काळीज बघत बसले. त्या दिवशी मी ठरवलं होतं की हिला डॉक्टर करायची. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षापर्यंत केलीही होती.

निकिता तसलं काही करणार नाही. ती हळू आहे, भित्री आहे, आणि ताईच्या जुन्या वह्यांवरून अभ्यास करते. मी तिला म्हणाले, तू प्रगती नाहीस, म्हणून तुला दुप्पट घासावं लागेल. ती रडली. मी रडू दिलं. रडून झाल्यावर तिनं फॉर्म भरला. मला त्या मुलीचं तेच आवडलं.

मागच्या आठवड्यात मी तुमच्या गावावरून एस.टी.नं भवानीनगरला गेले. गाडी तुझ्या वस्तीपाशी थांबली. तुझ्या कडब्याच्या गंजीवर प्रगतीचा फ्लेक्स पांघरलेला होता. स्टँडवर लावला होता तोच, "भावपूर्ण श्रद्धांजली" वाला, ज्यात तिच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते. पावसानं कडबा भिजू नये म्हणून, बरोबर आहे. तिचं तोंड खालच्या बाजूला, वासराच्या उंचीवर आलं होतं. वासरू चाटत होतं. एस.टी.त सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही काही बोललं नाही.

तुमच्या गावाला न बोलायची सवयच आहे. ती ट्रॉली कुणाची होती, हेही कुणी बोलत नाही.

मी बोलते. तुझी होती. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचा आक्सल कालव्याच्या पुलापुढच्या वळणावर तुटला. झुंबरनं तुला फोन केला. तू म्हणालास, मागची तितंच सोड, पुढची घेऊन जा, न्हायतर कारखान्यावरचा नंबर जाईल. त्यानं चाकांना दगड लावले, मागं खूण म्हणून उसाचं वाढं, पानांचा शेंडा, खोचलं आणि तो गेला. आख्खा तालुका हेच करतो. अंधारात हिरवं वाढं कुणाला दिसतं, हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. प्रगती नववीत असताना आम्ही शाळेतर्फे ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवले होते. तुझ्या ट्रॉलीला तिनं स्वतःच्या हातानं लावले होते, तुझ्या पेंटरनं घातलेल्या "प्रगती-निकिता" या नावाच्या दोन्ही बाजूंना. त्या संध्याकाळी ऊस इतका भरला होता की मागं लोंबून नावही झाकलं आणि रिफ्लेक्टरही. शनिवार होता, ती स्कूटीवरून घरी येत होती, मागून थेट ट्रॉलीवर आदळली.

केस झुंबरवर झाली. त्यानं पोलिसांना तुझा फोन सांगितला नाही, मला सांगितला. तू दहाव्याला त्याच्याकडं बघितलंही नाहीस.

हे मी उकरून काढते आहे, कारण तुझ्याकडं एकच मुलगी उरली आहे आणि तिला तू शब्द दिला आहेस. फक्त तो पाळ. बाकी मी कधीही बोलणार नाही.

म्हाळसा जगदाळे


बारामती, ५ ऑक्टोबर २०२५

रणजित,

सोमेश्वरनगरकडचं स्थळ, मुलगा कारखान्यात कायम, स्वतःचं घर, एकच नणंद. सगळं कळलं. निकिताचा अठरावा वाढदिवस याच महिन्यात, आणि साखरपुडा त्याच आठवड्यात. तू चुकूनही एक दिवस आधी धरला नाहीस. कायदा तुला पाठ आहे.

निकिताचा नंबर पुण्यात लागला. हेही तुला माहीत आहे, कारण मोबाईलवर मेसेज आला तेव्हा तो रेश्माच्या हातात होता, आणि रेश्मानं तो तुला दाखवला.

मी निकिताला म्हणाले, सरळ निघून माझ्याकडं ये, दार उघडं आहे. ती म्हणाली, "मम्मी म्हंती, एक गेली, आता दुसरी पळाली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? बाई, मी न्हाय येऊ शकत. तुमीच पप्पांना वळवा." म्हणजे सगळं परत माझ्या पत्रांवर आलं. त्यामुळे आज लिहिते ते कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी दवाखान्यात तुझ्या आधी मी पोहोचले होते. प्रगतीच्या मोबाईलवर शेवटचा फोन मला झालेला होता, म्हणून लोकांनी मलाच लावला. तू आलास तेव्हा सगळं संपलं होतं. तू मला विचारलंस, काही बोलली का? मी म्हणाले, नाही.

बोलली होती. थोडा वेळ शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, ट्रॉली कुणाची हुती? लाईट न्हवती तिला." मी म्हणाले, माहीत नाही. मग म्हणाली, "पप्पांना सांगा. सोडू नका म्हणावं त्याला. मालकावर केस करायला लावा."

असं आहे ते. मी इतके महिने ते पोटात ठेवलं. आता तू ठेव. निकिताच्या साखरपुड्याला अंगठी घालताना, पेढा भरवताना, फोटोला उभा राहताना आठव.

अजूनही मोडता येईल. साखरपुडे मोडतात. पुण्याचं ॲडमिशन घ्यायला अजून वेळ आहे.

म्हाळसा जगदाळे


बारामती, १० नोव्हेंबर २०२५

रणजित,

काल तू आलास. दारात तुला बघितलं आणि मला वाटलं, जिंकले. तुझे डोळे आत गेले होते, दाढी वाढलेली. एवढा मोठा बागायतदार, माझ्या दोन खोल्यांच्या घरात सोफ्याच्या कडेला टेकून बसलास, आठवीत बाकाच्या कडेला बसायचास तसा. मी चहा टाकला. परत आले तर टीपॉयवर लग्नाची पत्रिका होती, हळदकुंकू लावलेली, वर अक्षता.

  हे लिहिते, कारण तू तुझं बोलून निघून गेलास आणि मी रात्रभर त्या पत्रिकेसमोर बसून राहिले.

आधी तू म्हणालास, "बाई, तुमचं पत्र वाचून मी दवाखान्यात गेलो. चार दिस हेलपाटे घातले, मग डॉक्टर भेटले. त्यांनी कागद काढून सांगितलं, पोरीला आणली तवाच शुद्ध न्हवती. डोक्याला मार हुता. ती बोलणं शक्यच न्हवतं." मग माझ्याकडं बघितलंस. "तुमी खोटं लिव्हलंत."

हो. खोटं लिहिलं. मी पोहोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती आणि ती एक शब्दही बोलली नाही. मी हात धरला होता, एवढंच खरं. बाकी सगळं मी इथं टेबलाशी बसून तयार केलं. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. घाटावर शंभर माणसं एका पक्ष्याच्या तोंडून तिला बोलायला लावत होती, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. मग मी माझ्या पत्रातून तिला बोलायला लावलं तर काय बिघडलं? माझ्या तोंडी ती निदान अकलेचं बोलली.

तू चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "लिव्हा बाई. पर कावळ्याचं सांगू नका मला. तुमीच शिकवलंय."

मग तू ते काढलंस. तुमचा आठवीचा वर्ग मी घाटावर नेला होता. भाकरीचे तुकडे मांडायचे. एकदा सगळ्यांनी गप्प बसून बघायचं, एकदा डबा वाजवत बघायचं. कावळा गोंगाटाला बुजतो, त्याला माणसाच्या जिवाचं काही कळत नाही, हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवायचं होतं. गावात केवढा गहजब झाला होता! आबाच तक्रार घेऊन आले होते शाळेत. मी विसरले नव्हते, पण डबा कोण वाजवत होतं ते विसरले होते.

"डबा मी वाजवत हुतो बाई," तू म्हणालास. "तेलाचा रिकामा डबा. वाजवला की येत न्हवता. थांबलो की येत हुता. दहाव्याला माईक चालू हुता तवर तो येणार न्हाय, हे मला पयल्यापासनं ठावं हुतं. पर पुढाऱ्याला गप बस कसं म्हणायचं? लोकं ताटकळली हुती, म्हातारा उन्हात बसला हुता, रेश्माला चक्कर येत हुती. म्हणून उठलो आणि माईक बंद केला. बंद केल्यावर कायतरी बोलायला पायजे, म्हणून बोललो."

मी विचारलं, मनापासून बोललास की नुसतं उरकायला?

तू पत्रिकेवरच्या अक्षता गोळा करत बसलास. म्हणालास, "मला ठावं न्हाय." आणि मग ते म्हणालास, जे माझ्या डोक्यातून जात नाही. "बाई, निकी पुण्याला जाईल. कुणाच्या तरी गाडीवर बसंल. मी हितं प्रत्येक फोनला मरंन. एकदा तिला दिली, म्हंजी तिच्या जिवाचं जे व्हईल ते त्यांच्या दारात. माझ्या ट्रॉलीखाली न्हाय. मला एवढंच पायजे."

म्हणजे तुला मुलगी वाचवायची नाही. तुला फक्त तिच्या मरणातून स्वतःचं नाव काढून घ्यायचं आहे. हे मी तुला तोंडावर म्हणाले असते, पण तू चहा न पिता उठला होतास आणि जिन्यावरून उतरत होतास. तुझ्या पायात चपला उलट्यासुलट्या होत्या.

इतक्या वर्षांत माझा एकही विद्यार्थी मी शिकवलेलं एवढं पक्कं शिकला नाही. प्रगतीसुद्धा नाही. ती परीक्षेच्या दिवशी आबांकडून कपाळाला अंगारा लावून यायची.

लग्नाला येणार नाही.

म्हाळसा


बारामती, ९ जानेवारी २०२६

रणजित,

हे शेवटचं.

लग्नाला आले नाही, पण प्रगतीच्या वर्षश्राद्धाला आले, ते तू पाहिलंस. मला बघून आबांनी तोंड फिरवलं. तू नमस्कार केलास. तू खाली ओसरीवर भटजींपाशी बसला होतास, त्यामुळे गच्चीवर काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगते. तुझ्या घरचं आहे, तुला माहीत असावं.

घास ठेवायला निकिता वर निघाली. मी तिच्या मागं गेले. हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र, पायात जोडवी. महिन्याभरात तिचा चेहरा मोठा दिसायला लागला आहे. जिन्यात मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, "बरी हाय बाई. सासू मोबाईल देती संध्याकाळी." ताईच्या वह्या कुठं आहेत म्हणून विचारलं. म्हणाली, "हितंच ठेवल्यात. तितं कुठं ठिवू?"

तिनं कठड्यावर केळीचं पान मांडलं. भात, वडे, अळूची भाजी, खीर. पाणी फिरवलं आणि हात जोडून मागं सरली. रेश्मा वर आली, तुझी वहिनी आली, शेजारच्या दोघी आल्या. सगळ्या कठड्याकडं बघत उभ्या राहिल्या. माझ्या हातात वाढायचं स्टीलचं ताट होतं, रिकामं.

तुला खरं सांगते, रणजित. मी जन्मात देवाला काही मागितलं नाही. आई गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी तुझ्या गच्चीवर उभी राहून मी कावळ्याला मागितलं की येऊ नकोस. दुपार होऊ दे. बायका कुजबुजू देत. रणजितला वर यावं लागू दे, या पानापुढं गुडघ्यावर बसावं लागू दे, आणि या वेळी त्याच्याकडं द्यायला शब्दच नसू दे. पोरगी तर त्यानं देऊन टाकली आहे. काय कबूल करेल? एवढं एकदा बघायचं होतं मला. प्रगतीनं एकदा तरी नाही म्हणावं, सगळ्यांच्या देखत.

आणि कावळा आला. लगेच. पलीकडच्या नारळावरून सरळ कठड्यावर.

मी ताट आपटलं. निसटलं नाही, आपटलं. दोन्ही हातांनी, फरशीवर. केवढा आवाज झाला! खाली म्हशी उठल्या असतील. कावळा उडाला, पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. रेश्मा म्हणाली, "बाई, हातातनं सुटलं व्हय? लागलं का पायाला?" मी वाकले. ताट उचललं. परत आपटायला उचललं होतं.

निकितानं माझ्या हातावर हात ठेवला. जोर न लावता. तिला कळलं होतं. तिलाही मीच आठवीत घाटावर नेलं होतं, तोच प्रयोग, तोच डबा. ती हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई."

ताट खाली घेतलं. कावळ्यानं टाकीवरून मान तिरकी करून एकदा बघितलं आणि तो परत कठड्यावर आला. आधी वडा खाल्ला, मग भातात चोच घातली. दुसरा आला, तिसरा आला. पान फाटलं. त्यांना भूक लागली होती. मी इतकी वर्षं हेच शिकवत आले, आणि मी बरोबर होते.

रेश्मानं पदरानं डोळे पुसले. तुझी वहिनी म्हणाली, "शिवला गं. तक्रार न्हाय पोरीची कसली. निकीचं चांगलं झालं म्हणूनच शिवला." सगळ्यांना पटलं. एकमेकींना हसून त्या खाली गेल्या, कारण कावळा शिवल्यावर पंगत बसते आणि सगळ्यांना भुका लागल्या होत्या.

मी तिथंच उभी होते. निकितानं माझ्या हातातलं ताट घेतलं, नवीन बांगड्यांच्या हातानं त्याला पडलेला पोचा चाचपला आणि ते साडीच्या पदरानं पुसलं. म्हणाली, "चला बाई, खाली. तुमी पण जेवून घ्या. ताई जेवली."

तिनंच मला वाढलं. तुझ्यासमोरच्या रांगेत बसून मी जेवले. खीर दोनदा घेतली.

म्हाळसा